उसना गळा

खार, मुंबई
२२ मार्च १९७६

गोजरा बाय,

बातमी उडत उडत सानपाड्याला पोचली असेलच, पण माझ्या हातची पोचावी म्हणून लिहितो. पिक्चर चाललं. मुंबईत नववा आठवडा लागलाय. पाच वर्षांपूर्वी मिठागरावरचं काम टाकून घरातून निघालेला तुझा दादा आता साधी चप्पल घ्यायला दुकानात जाऊ शकत नाही, एवढी माणसं जमतात. नाव मात्र 'कुंवर प्रताप' लावलंय. कान्हा सिताराम म्हात्रे हे नाव पोस्टरवर शोभत नाही असं निर्मात्यांचं म्हणणं पडलं. मी म्हटलं, शोभत नसेल तर राहू दे.

चैत्रातल्या जत्रेला मला येता येणार नाही. काश्मीरला शूटिंग आहे. पण मी पिक्चरच गावाला पाठवतोय. मशीन, पडदा आणि चालवणारा माणूस, सगळं जत्रेच्या संध्याकाळी टेम्पोने येईल. गावदेवीच्या मैदानात पडदा लावा. बाबांना अगदी पुढे, खुर्ची टाकून बसव. मी घरातून निघताना ते म्हणाले होते की तोंडाला रंग लावणाऱ्याच्या घरात चूल पेटत नाही. आता त्यांना काही बोलून दाखवू नकोस. नुसतं बघू दे. नंतर ते काय म्हणाले ते शब्दन् शब्द मला कळव.

तुझा,
दादा


सानपाडा
१८ एप्रिल १९७६

दादा,

मायना लिहीत नाही. राग आला की शाळेत शिकवलेलं मला काही आठवत नाही.

आधी माझी चूक कबूल करते, म्हणजे तुझी काढायला मी मोकळी. बाबांना दिसत नाही. दोन वर्षं होऊन गेली. मिठाच्या पांढऱ्या उन्हाने डोळे दिपतात असं समजून ते पाणी मारत राहिले, आणि ठाण्याच्या डॉक्टरांकडे नेईपर्यंत काचबिंदूने दोन्ही डोळे नेले होते. गेलेली नजर परत येत नाही म्हणाले. तुला कळवायचं नाही अशी बाबांनी मला शपथ घातली होती. पोराचं कामात लक्ष राहणार नाही म्हणे. तू पुढे खुर्ची टाक म्हणालास, मी टाकली. म्हटलं, दिसत नाही तर नाही, ऐकतील तरी.

अख्खं गाव लोटलं होतं. तू घोड्यावरून आलास तेव्हा पोरांनी इतक्या शिट्ट्या मारल्या की देवळावरची कबुतरं उडाली. मी बाबांच्या कानाशी सांगितलं, दादा आला, घोड्यावर बसलाय. त्यांनी कानामागे हात धरला. मग तू बोलायला लागलास. बाबा म्हणाले, आता कोण बोललं? मी म्हटलं, दादाच. त्यांनी मान हलवली नाही. पुढे तू त्या पिक्चरमधल्या आईच्या पायाशी बसून बोलतोस ना, तिथे बायका पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या, आणि बाबा खुर्चीवरून उठून उभे राहिले. मागचे ओरडले, खाली बसा. बाबा पडद्याकडे पाठ करून म्हणाले, "गोजरा, यो माजा पोऱ्या नाय."

मी म्हटलं, हिंदी बोलतोय म्हणून वेगळं वाटतं. ते म्हणाले, भाषा बदलली तरी गळा बदलत नाही.

मला वाटलं, सकाळपर्यंत विसरतील. सकाळी त्यांनी चहा बाजूला ठेवला आणि विचारलं, "कान्हा कदी गेला? मना खरा सांग." त्यांच्या मनाने घेतलंय की तू कधीच वारलास आणि आंधळ्या बापाला कळू नये म्हणून आम्ही सगळ्या गावाने कुणा भलत्याला तुझं नाव दिलंय. गावदेवीची शपथ घेतली, तर म्हणतात, बापाला दुःख होऊ नये म्हणून घेतलेली खोटी शपथ देवी माफ करते.

आता खरं सांग, हा काय प्रकार आहे. मलाही तो आवाज तुझा वाटला नव्हता, पण मशीनमधून आवाज असाच येत असेल अशी मी स्वतःची समजूत घातली होती. आणि ये. वाशीचा पूल झालाय, आता होडीची वाट बघावी लागत नाही. दाराशी येऊन एकदा बाबा म्हण. मला एवढंच हवंय.

गोजरा


श्रीनगर
९ मे १९७६

गोजरा बाय,

तुझं पत्र खारहून फिरून इथे आलं. दोनदा वाचलं आणि त्या दिवशीचं शूटिंग माझ्यामुळे बंद पडलं. डोळ्यांचं तू मला सांगायला हवं होतंस. पण मी तुला कुठल्या तोंडाने बोलू?

पडद्यावर ओठ माझे हलतात. आवाज जयप्रकाशबाबूंचा आहे. कानपूरचे गृहस्थ, पन्नाशी उलटलेली, टक्कल पडलेलं, गळ्याला उन्हाळ्यातही मफलर. पिक्चर पुरं झालं की ते अंधाऱ्या खोलीत उभे राहून माझी सगळी वाक्यं माझ्या ओठांवर बसवतात. माझी पहिली चाचणी घेतली तेव्हा निर्माते म्हणाले होते, चेहरा राजाचा आहे, पण तोंड उघडलं की खाडी दिसते. तेव्हाच हे ठरलं. करारात लिहिलंय की पाच पिक्चरपर्यंत मी चारचौघांत बोलायचं नाही. रेडिओवर नाही, समारंभात नाही. नुसतं हसायचं. लोक म्हणतात, कुंवर प्रताप किती खानदानी आहे, कमी बोलतो.

अजून एक आहे. ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. पिक्चरच्या मासिकांत छापून आलंय की मी अवधकडच्या एका जमीनदार घराण्यातला, आणि माझे आईबाप मी लहान असतानाच वारले. आई खरंच गेली, पण बाबांना मीच मारलं. आता त्यांनी मला मारलं तर कुठे तक्रार करू?

येतो, पण आत्ता नाही. मी सानपाड्याला आलो तर संध्याकाळच्या आत सगळ्या मुंबईला कळेल. पाच पिक्चर होऊ दे. तू कुणाला बोलू नकोस, तुला माझी शपथ.

दादा


उलवे
१५ ऑक्टोबर १९७७

दादा,

आता या पत्त्यावर लिहीत जा. लग्नात तू पाठवलेली साडी पोचली. ड्रायव्हर दारातच देऊन गेला, आत ये म्हटलं तर पाणीसुद्धा प्यायला नाही. नवऱ्या मुलाचा कान पिळायला चुलतभाऊ उभा केला होता. त्याने इतका भीत भीत पिळला की तुझे मेहुणे अजून म्हणतात, गोजरे, मला लग्न झाल्यासारखं वाटतच नाही. कमळाकर नाव त्यांचं, हे तरी तुझ्या लक्षात आहे का? माणूस चांगला आहे. सासूही बरी आहे, जेवताना सोडून.

पण मी हे लिहायला बसले नव्हते. परवा सर्वपित्री झाली. मी माहेरी गेले होते, कारण बाबांना वाढायला कोण आहे? त्यांनी मला तीन पानं मांडायला सांगितली. आजोबांचं एक, आईचं एक. तिसरं कुणाचं म्हणून विचारलं तर म्हणाले, "कान्हाचा. सहा वर्सा उपाशी हाय तो."

दादा, मी भांडले, रडले, भात सांडून दिला. ते शांतपणे म्हणाले, तू नाही वाढलंस तर मी चाचपडत वाढेन. मग मीच वाढलं. वड्या, वाल, खीर. माझा भाऊ खारला बंगल्यात जेवतोय हे मला ठाऊक असताना त्याच्या नावाचं पान मी माझ्या हाताने वाढलं आणि मागच्या पडवीत नेऊन ठेवलं. मनात म्हणत होते, कावळ्याने त्याला शिवू नये. शिवला नाही तर बाबांना सांगता येईल की बघा, दादा जिवंत आहे. तर तो मेला कावळा वाट बघत असल्यासारखा आला आणि आधी तुझंच पान उचललं. तुझी काही इच्छा मागे राहिलेली दिसत नाही. बाबांनी पंखांचा आवाज ऐकला आणि हात जोडले. म्हणाले, सुटला.

आता तू ये म्हणून सांगायलाही मला भीती वाटते. पण ये.

गोजरा


खार, मुंबई
३० ऑक्टोबर १९७७

गोजरा बाय,

मी येऊन गेलो होतो. तुला हे कधीच सांगणार नव्हतो.

तुझ्या लग्नानंतर पंधरा दिवसांनी आलो. दुपारची वेळ होती. बाबा ओट्यावर जाळं विणत बसले होते. दिसत नसताना त्यांची बोटं गाठ बरोबर मारत होती, तेच मी बघत राहिलो. गाडीमागे पोरं धावत आली होती. ड्रायव्हर कंपनीचा, तो आरशातून बघत होता. बाबांनी जाळं खाली ठेवलं आणि विचारलं, "कोन हाय?" मी त्यांच्यापासून चार हातांवर उभा होतो. पोरं बघतायत, ड्रायव्हर बघतोय, तोंड उघडलं तर उद्या सगळीकडे छापून येईल. दीड वर्ष चारचौघांत न बोलायची सवय लागली होती, तीही आडवी आली. त्यांनी परत विचारलं. मग म्हणाले, कुत्रा असेल. मी गाडीत बसलो.

भित्रा म्हण, काहीही म्हण. पण आता मी ठरवलंय. पाचवं पिक्चर झालं की सहावं माझ्या आवाजात करणार. निर्मात्यांना तसं सांगून टाकलं. ते हसले, मग माझ्या हट्टापुढे तयार झाले, पण अट घातली की आधी बोली सुधारायची. लखनौचे एक उस्ताद ठेवलेत. रोज सकाळी चार तास घेतात. बाबांनी ज्या पडद्याकडे पाठ केली त्याच पडद्यावरून त्यांना माझा आवाज ऐकवतो. मग त्यांच्यासमोर येतो. बेचाळीस साली बेपत्ता झालेला, मेला समजून दिवस घातलेला नारायणकाका परत आला तर लोकांनी त्याला शेण-गोमूत्र शिंपडून घरात घेतलं होतं, तसं मलाही घ्या.

दादा


उलवे
४ डिसेंबर १९७८

दादा,

वर्षभर पत्र नाही. तुझी खबर मला वाण्याच्या पुडीच्या कागदावरून कळते. परवा हळदीच्या पुडीवर तू कुणा बाईच्या खांद्यावर हात ठेवून हसत होतास. सासूने विचारलं, कोण ग हा? मी म्हटलं, असेल कुणीतरी.

मला मुलगी झाली. जयमाला नाव ठेवलं. बाबांनी तिला मांडीवर घेऊन कितीतरी वेळ तिचं रडणं ऐकलं आणि सांगितलं, हिचा गळा तिच्या आजीचा आहे. त्यांना आता कानच डोळे झालेत. पाऊल वाजलं की माणूस ओळखतात.

म्हणून म्हणते, दादा, घरात येऊन बाबा म्हणायला तीन तासांचं पिक्चर कशाला हवं? उस्ताद, लखनौ, सहावं पिक्चर, हे सगळं मला घराच्या दाराशी येऊन गावाला वळसा घालून शिरण्यासारखं वाटतं. तू शहाणा आहेस, मी सातवी शिकलेली बाई. पण मला जे वाटतं ते लिहिते.

गोजरा


खार, मुंबई
२ फेब्रुवारी १९८०

गोजरा बाय,

येत्या शुक्रवारी पिक्चर लागतंय. पनवेलच्या थेटरातही लागेल. बाबांना घेऊन जा. टेम्पो, टॅक्सी, काय लागेल ते कमळाकररावांना करायला सांग. पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत गळा माझा आहे.

उस्तादांनी दोन वर्षं मला सोलून काढलं. सुरुवातीला म्हणायचे, तुमचा आवाज नाकातून आणि घाईघाईने येतो, जसा कुणी बांधावरून पळतोय. तो छातीतून यायला हवा. पहाटे उठून पोटावर वजन ठेवून एकेक शब्द म्हणायचा. आवाज जड व्हावा म्हणून सिगरेटी ओढायला लावल्या, त्या आता सुटत नाहीत. पण फळ आलं. मी झोपेतसुद्धा साफ बोलतो, नोकर सांगतो. गेल्या आठवड्यात उस्ताद स्वतः म्हणाले की आता तुम्ही कुठले आहात हे खुदालासुद्धा ओळखता येणार नाही.

जयप्रकाशबाबूंना भेटून आलो. त्यांनी मला मिठी मारली आणि विचारलं, आता माझं काय? मी त्यांचा मफलर नीट केला आणि निघालो. पण आज मला कुणाचंच दुःख दिसत नाही. बाबा काय म्हणाले ते लगेच लिही. या वेळी त्यांना पुढे बसवू नकोस, मधोमध बसव. तिथे आवाज चांगला येतो.

दादा


उलवे
२० फेब्रुवारी १९८०

दादा,

बारा दिवस पत्र लिहायचं टाळलं. आज यांनी पाकीट आणूनच दिलं.

गेलो होतो. बाबांना मधोमध बसवलं. त्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं, फक्त पिक्चर ऐकायला चला म्हटलं. जयमाला माझ्या मांडीवर. तू बोललास आणि मी बाबांकडे बघत राहिले. ते नीट ऐकत होते. या वेळी उठले नाहीत, सबंध पिक्चर बसले. बाहेर आल्यावर मी विचारलं, कसा वाटला आवाज? म्हणाले, "चांगला हाय. कनच्या तरी मोठ्या घरचा पोऱ्या असंल." मग मी सांगून टाकलं, बाबा, तोच दादा होता, खरोखरचा. ते रस्त्यात थांबले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बाय, आता पुरे कर. मी दुख सोसला हाय. तू कशाला दमतेस?"

दादा, मीही मध्ये डोळे मिटून पाहिलं होतं. खोटं लिहून काय करू? डोळे मिटले की मलाही तू सापडला नाहीस.

आणि थेटरातल्या लोकांनी काय केलं तेही सांगते, तुला कळलं असेलच. तू बोललास की हसायचे. कुणी ओरडायचं, प्रताप का आवाज किसने चुराया? पुढच्या रांगेतले पैसे परत मागत होते. त्यांना त्यांचा प्रताप हवा होता. माझ्या शेजारची बाई म्हणाली, कुणा भिकाऱ्याला उभं करून बोलायला लावलंय. तिला मारावंसं वाटलं, पण मांडीवर मूल होतं.

इतकं करून तू कुणाचाच झाला नाहीस. आता तरी घरी ये.

गोजरा


मालाड
११ ऑगस्ट १९८२

गोजरा बाय,

दोन वर्षांनी लिहितोय. पत्ता बदललाय, बघशीलच. खारचं घर कंपनीचं होतं, ते गेलं.

ते पिक्चर आठवड्यात उतरलं. मग निर्मात्यांनी घाबरून जयप्रकाशबाबूंना परत बोलावलं आणि सगळी वाक्यं पुन्हा त्यांच्या आवाजात बसवली, पण लोकांचं मन एकदा उडालं ते उडालं. प्रताप दुसऱ्याच्या गळ्याने बोलतो हे मासिकांनी छापलं. ज्यांनी मला चार वर्षं डोक्यावर घेतलं होतं त्यांना आपण फसवले गेलो असं वाटलं. फसवले गेलेच होते म्हणा. पुढची तीन पिक्चरं हातची गेली. तरी एकाने उसन्या आवाजासकट मला घ्यायचं कबूल केलं होतं, तर गेल्या मार्चमध्ये जयप्रकाशबाबू वारले. त्यांना पोचवायला आम्ही सात जण होतो. चितेजवळ उभा राहून मी रडलो ते त्यांच्यासाठी की माझ्यासाठी, हे आजही मला सांगता येत नाही.

तेल गेलं, तूप गेलं, म्हणतात ते मी आता भोगतोय. हल्ली मला खलनायकाच्या मागे उभं करतात. कामं मिळतात, पण वाक्य नसतं. नायक येतो, मला मारतो, मी पडतो. गेल्या महिन्यात एक वाक्य दिलं होतं, 'मालिक, वो भाग गया.' दिग्दर्शकाने ते तीनदा म्हणवून घेतलं आणि दुसऱ्याला देऊन टाकलं. म्हणाला, तुझ्या बोलण्यात काही खरं वाटत नाही.

बाबा कसे आहेत? विचारायचा हक्क नाही, तरी विचारतो.

दादा


उलवे
६ सप्टेंबर १९८२

दादा,

पत्र मिळालं. रडून घेतलं, आता लिहिते.

बाबा आहेत. बारीक झालेत. शेतं सिडकोने घेतली, मिठागर बंद पडलं, बांध कुठे होता तेही आता सांगता येत नाही. मागच्या दोन खोल्यांत भाडेकरू ठेवलेत, दत्तू आणि वेणूबाई. नांदेडकडचे आहेत. दोघं वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात कामाला जातात. वेणूबाई जाण्याआधी बाबांना दोन भाकऱ्या टाकून देते. गावात एकदोघांनी नाक मुरडलं की बौद्धवाड्यातल्या बाईच्या हातचं खातो. बाबा म्हणाले, माझ्या घरातला एक गेला, मग परक्यातलं एक घरचं झालं तर तुमच्या पोटात का दुखतं? माझ्याच्याने दर महिन्याला जाणं होत नाही. सासू अंथरुणाला खिळलीय, त्यातून जयमालाच्या पाठीवर दुसरा झाला.

तुला घराबाहेर कुणी काढलं नव्हतं, दादा. तू आवाज वगैरे विसर. जाऊन पाय चेप, पाणी दे, काठी हातात दे. ओळखतील तेव्हा ओळखतील.

गोजरा


सानपाडा
१० फेब्रुवारी १९८५

गोजरा बाय,

तुझं पत्र खिशात ठेवून अडीच वर्षं काढली, आणि गेल्या महिन्यात आलो. आता इथेच आहे. आल्या दिवसाची हकिगत लिहायला धीर होत नव्हता.

बाबा ओट्यावरच होते. या वेळी गाडी नव्हती, मागे पोरं नव्हती, कुणी ओळखलंही नाही. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हटलं, बाबा, मी कान्हा. त्यांनी मान तिरकी केली. चेहरा असा खुलला की माझ्या जिवात जीव आला. मग म्हणाले, "वलखला. तुमी त्या पनवेलीच्या पिक्चरमंधले. एकदा गळा आयकला का मी इसरत नाय."

मी त्यांचा हात धरून माझ्या तोंडावरून फिरवला. त्यांनी हळूच काढून घेतला. म्हणाले, तोंडं सगळ्यांची सारखीच असतात. आईचं नाव सांगितलं, तिच्या हातावरचं गोंदण सांगितलं, लहानपणी खाडीत बुडता बुडता त्यांनी मला केसांना धरून काढलं ते सांगितलं. सगळं ऐकून म्हणाले, हे गोजराने शिकवलं असेल. तिला बिचारीला बापाचं दुःख बघवत नाही. मग मी आपल्या बोलीत बोलायचा प्रयत्न केला. गोजरा, पिक्चरमधला गावठी नोकर बोलतो ना, तसं बाहेर आलं. वेणूबाई भाकरी थापत होती, तिला हसू आवरेना. बाबा मात्र हसले नाहीत. म्हणाले, कुठे जायला जागा नसेल तर राहा. माझ्या पोराची खोली रिकामीच आहे.

असा मी माझ्याच खोलीत पाहुणा म्हणून राहतोय. पाणी भरतो, त्यांना देवळापर्यंत नेऊन आणतो. ते मला अहो-जाहो करतात. संध्याकाळी ओट्यावर बसून मला माझ्याच गोष्टी सांगतात. कान्हा असा होता, कान्हा तसा होता. एकदाही वाईट बोलत नाहीत. मी सगळ्याला हो म्हणतो.

परवा म्हणाले, तुम्ही पिक्चरवाले, तुम्हाला नकला येत असतील. मी म्हटलं, येतात थोड्या. मग जरा घुटमळले. त्यांना असं काही मागताना मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "माजा कान्हा संध्याकाली बांदावरशी येताना लांबूनच हाक मारी. बाबा, आलू. एवढाच. ती जरा करून दाखवाल?"

मी गल्लीच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. बांध नाही, तिथे आता बिल्डिंगचं खोदकाम चाललंय. हाक मारली. परत आलो तर त्यांनी मान हलवली. म्हणाले, मन लावून केलंत, पण तो असा नव्हता. त्याची हाक हलकी होती. मी परत गेलो, नाकातून काढायला बघितलं, घाईघाईने मारली. सिगरेटींनी चिरलेल्या गळ्यातून ती हलकी हाक निघेना. चार वेळा केलं. चौथ्या वेळी खोकला आला. बाबांनी मला पाणी दिलं आणि सांगितलं, राहू दे आज, उद्या करा.

तेव्हापासून रोज संध्याकाळी करतो. रोज ते ऐकतात, चुका सांगतात आणि उद्या करा म्हणतात. जन्मात कुणी माझी इतकी तालीम घेतली नाही. त्यांना आता धाप लागते, वाशीचे डॉक्टर म्हणतात हृदय मोठं झालंय, फार दिवस धरू नका. त्याआधी मला ती हाक एकदा बरोबर मारायची आहे. मी कसा बोलायचो ते माझ्या कानात उरलेलंच नाही. तू लहान होतीस, पण माझ्यामागे बांधावर तूच धावायचीस. तुला आठवत असेल. चार दिवसांसाठी ये आणि मला शिकव.

दादा


उलवे
१७ फेब्रुवारी १९८५

दादा,

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मी दुसरं काहीच करत नाहीये. भात करपला, सासू ओरडली. कामं आटपली की मागच्या दाराशी डोळे मिटून बसते आणि तुला बांधावरून आणते. तू दिसतोस. डोक्यावर टोपलं, गुडघ्यापर्यंत चिखल, शर्टाची एक बाही फाटलेली. तू मान वर करतोस, तोंड उघडतोस, आणि मला जयप्रकाशबाबूंचा आवाज ऐकू येतो.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. ते तुझं पहिलं पिक्चर मी चौदा वेळा पाहिलं. पनवेलला परत परत लागायचं. बाजाराला जाते सांगून जायचे आणि तू दिसशील म्हणून बसायचे. तो गळा तुझा नाही हे मला ठाऊक होतं, तरी बसायचे. त्यातच तुझा पुसला गेला असेल. माझ्याच कानांनी पुसला.

मी सोमवारी येते. पाय चेपीन, रांधीन, तुझ्या खोकल्यासाठी काढा करीन. पण तू जे मागतोस ते माझ्याजवळ नाही, दादा. आता ते एकट्या बाबांजवळ आहे. त्यांनी उद्या करा म्हटलं की तू करत जा. एकही संध्याकाळ चुकवू नकोस.

तुझी,
गोजरा